उतार

झाशीहून मुंबईला येणारी पंजाब मेल पहाटेच्या अंधारात इगतपुरीला थांबायची. शाळेच्या वयात मला त्या थांब्याचा अर्थ गरम वड्यांपुरताच ठाऊक होता. अण्णा झाशीच्या रेल्वे वर्कशॉपात होते. त्यांना वड्यांत रस नसे. खिडकीची काच वर करून, पावसाचं पाणी अंगावर घेत, ते डब्याखालच्या आवाजाकडे कान लावून बसत. एकदा मी विचारलं, "अण्णा, इथून पुढे तर घाट उतरायचाय, चढायचा थोडाच आहे? मग गाडी कशाला थांबली?"

"म्हणूनच थांबली," ते म्हणाले. "अगं, चढताना दम लागला तर गाडी आपोआप उभी राहते. उतरताना उभी राहत नाही, हीच तर पंचाईत."

इगतपुरीला ब्रेक तपासल्याशिवाय गाडी खाली सोडत नाहीत, हे त्या दिवशी कळलं. थळ घाटाची ही वाट १८६५ साली सुरू झाली, आणि तिचा चढ ३७ फुटांत १ फूट इतका कडक आहे. आपल्याकडच्या मुख्य रेल्वेमार्गांवर असे चढ फार थोडे. अण्णांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती, ती मला फार नंतर उमगली. घाटात 'कॅच सायडिंग' नावाचे फाटे असतात. मुख्य रुळांतून फुटून ते डोंगराच्या अंगावर चढतात आणि तिथेच संपतात. उतरणारी गाडी ताब्यात नसेल तर ती त्या फाट्यावर चढून आपोआप थांबावी, ही योजना. गंमत अशी की सांधा एरवी त्या फाट्याकडेच लावलेला असतो. गाडी आधी थांबते, आपण ताब्यात आहोत हे दाखवते, आणि मगच पुढची वाट तिच्यासाठी जोडली जाते. उतरणाऱ्यावर रेल्वेचा मुळातच विश्वास नाही.

झाशीच्या मराठी माणसांना हा घाट नवा नव्हे. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ च्या धामधुमीत पायी उत्तरेकडे गेले, झाशीचा वेढा त्यांनी आत राहून पाहिला, आणि त्यांचा 'माझा प्रवास' मराठीत अमर झाला. कोकणातून निघून देशावर चढायचं आणि तिथून उत्तर गाठायची, हा आमच्याकडच्या अनेक घराण्यांच्या इतिहासाचा पहिलाच अध्याय. परत येताना तोच घाट उतरायचा. पूर्वेकडून मुंबईला येणाऱ्या विमानालाही सह्याद्री उतरावाच लागतो. फक्त त्याला इगतपुरी नसते.

या विषयाकडे मी वळले ती एका मालवाहू विमानामुळे. काही वर्षांपूर्वी विमानतळावरच्या मालवाहतूक विभागातल्या कामगारांसाठी एका सुरक्षा-पुस्तिकेचं मराठी भाषांतर माझ्याकडे आलं होतं. गठ्ठे कसे बांधावेत, बॅटऱ्या कुठे ठेवू नयेत, अशा बाबींची ती पुस्तिका. शेवटी काही अपघातांच्या हकिगती दिल्या होत्या. वाचणाऱ्याला कळावं, की आपण चढवलेल्या मालासोबत माणसंही जातात.

त्यातली एक हकिगत 'फ्लाइंग टायगर' कंपनीच्या ६६ क्रमांकाच्या उड्डाणाची होती. १९ फेब्रुवारी १९८९ ची पहाट. सिंगापूरहून क्वालालंपूरला निघालेलं मालवाहू बोइंग ७४७. पोटात कापड, संगणकाचं सामान आणि टपाल. विमानात माणसं चारच. अंतर इतकं थोडं की वर चढून होतं न होतं तोच उतरण्याची तयारी करावी लागते. विमानतळाभोवती ढग खाली आलेले, त्यामुळे डोळ्यांनी नव्हे तर उपकरणांच्या भरवशावर उतरायचं होतं. धावपट्टीकडे कोणत्या पद्धतीनं यायचं, यावर कॉकपिटमध्ये थोडा वाद आणि गोंधळ चाललेला. तेवढ्यात नियंत्रकाचा आवाज आला: "टायगर सिक्स सिक्स, डिसेंड टू फोर झिरो झिरो."

नियंत्रकाला म्हणायचं होतं, २४०० फुटांवर या. त्याचा 'टू' हा दोनचा आकडा होता. कॉकपिटमध्ये तो 'पर्यंत' या अर्थानं ऐकला गेला. उत्तर गेलं: "ओके, फोर झिरो झिरो." म्हणजे चारशे. नियंत्रकानं ते उत्तर दुरुस्त केलं नाही. २४०० फुटांच्या खाली जाऊ नये असा जो टप्पा होता, तो ओलांडून विमान खाली आलं आणि साडेचारशे फुटांहूनही कमी उंचीवर एका टेकडीला धडकलं. चौघेही गेले. जमीन जवळ आल्याची सूचना देणारं यंत्र विमानात होतं, ते पुन्हा पुन्हा ओरडतही होतं. ध्वनिमुद्रणात ते ऐकू येतं. पण कुणी विमान वर खेचलं नाही.

भाषांतर करणाऱ्याची एक वाईट खोड असते. चार माणसं मेल्याची हकिगत वाचतानाही तिचं लक्ष अव्ययावर जातं. हा अपघात मराठीत झाला असता का, असा प्रश्न माझ्या मनात आला. मराठीत आपण म्हणू, "चोवीसशे फुटांपर्यंत उतरा." आपलं 'पर्यंत' आकड्याच्या मागून येतं, त्याला चिकटून येतं. ते आकड्याच्या आधी उभं राहून स्वतः आकडा असल्याचा बहाणा करू शकत नाही. अर्थात मराठीत दुसरे खड्डे आहेत. एकोणसत्तर आणि एकोणऐंशी यांत आमच्या झाशीची मुलं हमखास पडायची. तेव्हा कोणत्याही भाषेनं फार मिशीला पीळ भरू नये. या क्षेत्राच्या शिस्तीत अशी उंची 'दोन हजार चारशे' अशी हजार-शेकड्यांत बोलायची असते, ती याच भीतीपोटी. त्या पहाटे ती सुटे आकडे जोडून बोलली गेली.

पुस्तिकेतला दुसरा शब्द मला जास्त अडला. इंग्रजीत म्हटलं जातं, 'क्लिअर्ड'. विमानाला अमुक उंचीवर उतरायला 'क्लिअर्ड', अमुक धावपट्टीसाठी 'क्लिअर्ड'. याला मराठीत काय लिहावं? 'रस्ता मोकळा आहे' असं लिहिलं तर वाचणारा म्हणेल, समोर काही नाही, बिनधास्त जा. 'परवानगी आहे' असं लिहिलं तर अर्थ इतकाच, की जाऊ शकता; पुढचं तुमचं तुम्ही बघा. एक हमी, दुसरी मुभा. त्या एका इंग्रजी शब्दात दोन्ही मावतात, आणि ऐकणारा आपल्याला हवा तो अर्थ उचलतो. मी दोन दिवस त्या शब्दापाशी अडून बसले. मग या शब्दामुळे प्रत्यक्षात कुणी मेलं आहे का, म्हणून शोधू लागले. शोध मला अमेरिकेत घेऊन जाईल असं वाटलं होतं. तो आधी जुन्नरला थांबला.

६ जुलै १९६२ च्या रात्री अलितालिया कंपनीचं डीसी-८ जातीचं जेट विमान बँकॉकहून मुंबईकडे येत होतं. उड्डाण क्रमांक ७७१. सिडनीहून निघालेलं, डार्विन, सिंगापूर, बँकॉक असे टप्पे घेत आलेलं, आणि मुंबईनंतर कराची, तेहरान करत रोमला जाणारं. विमानात ९४ माणसं होती. आपण मध्यरात्रीनंतर सव्वाबाराच्या सुमारास मुंबईवर पोचू, असा वैमानिकांचा हिशोब होता, आणि तो त्यांनी कळवला होता. नियंत्रण कक्षाकडून त्यांना ४००० फुटांपर्यंत उतरण्याची परवानगी मिळालेली होती. ७ जुलै उजाडून जेमतेम दहा मिनिटं झाली असतील, तेव्हा त्यांच्याकडून उत्तर येणं थांबलं. मुंबई अजून ८० किलोमीटरहून अधिक दूर होती. चौकशी अहवालात 'दवंड्याची टेकडी' असं ज्या जागेचं नाव येतं, त्या जुन्नर परिसरातल्या डोंगराला, सुमारे ३६०० फूट उंचीवर, माथ्याच्या अगदी खाली विमान धडकलं होतं. आणखी थोडी उंची असती तर ते माथ्यावरून निघून गेलं असतं. कुणीही वाचलं नाही.

इथे थोडं थांबून उपकरणांवर उतरणं म्हणजे काय ते सांगायला हवं. ढगांत वैमानिकाला खिडकीतून काही दिसत नाही. समोर काटे असतात. त्यांतला एक काटा उंची सांगतो, पण ती हवेच्या दाबावरून काढलेली, समुद्रसपाटीपासूनची उंची असते. खाली शेत आहे की कडा, हे त्या काट्याला माहीत नसतं. दुसरा काटा विमानतळाच्या रेडिओ-दीपाकडे बोट दाखवतो: विमानतळ त्या दिशेला आहे. किती दूर आहे, ते नुसत्या दिशेवरून कळत नाही. त्या काळी अंतर मोठ्या प्रमाणात घड्याळावर, वेगावर आणि वाऱ्याच्या अंदाजावर मोजलं जाई. गेल्या खुणेवरून इतक्या वाजता निघालो, इतका वेग, म्हणजे आता इथे असू. जेट विमानं आली आणि हा हिशोब निसरडा झाला. ताशी ९०० किलोमीटर वेगानं जाणारं विमान मिनिटाला १५ किलोमीटर कापतं. हिशोबात चार-पाच मिनिटांची चूक झाली, तर तुम्ही कोकणात असल्याचं समजून घाटमाथ्यावर उतरू लागता. म्हणूनच प्रत्येक भागासाठी एक किमान सुरक्षित उंची ठरवलेली असते. आपण नक्की कुठे आहोत याची खात्री होईपर्यंत तिच्या खाली जायचं नाही. खात्री करण्यासाठी दीपावरून जायचं, काटा उलटा फिरला की समजायचं, आलो. आणि मग पायरी पायरीनं खाली उतरायचं. त्या दीपावरून गेल्याशिवाय उतरणं म्हणजे इगतपुरीला न थांबता घाट उतरणं.

चौकशीनं कारण असं दिलं: दिशा-अंतराच्या गणनेत चूक झाली, त्यामुळे आपण मुंबईच्या प्रत्यक्षाहून अधिक जवळ आहोत असं वैमानिकाला वाटलं, आणि रात्रीच्या वेळी, उपकरणांवर, थेट उतरण्यासाठी त्यानं वेळेआधीच खाली यायला सुरुवात केली. उपलब्ध असलेल्या मार्गदर्शक साधनांचा वापर केला नाही. किमान सुरक्षित उंची पाळली नाही. आणि त्याला या मार्गावरच्या भूप्रदेशाची ओळख नव्हती.

हे निष्कर्ष खोटे नाहीत. विमान ४००० फुटांच्याही खाली आलं होतं, आणि ते कुणी सांगितलं म्हणून नव्हे. पण शेवटचं कारण मला बोचत राहिलं: भूप्रदेशाची ओळख नव्हती. जुन्नरचा प्रदेश हा काही जगाच्या पाठीवरचा अनोळखी कोपरा नव्हे. सातवाहनांच्या काळात कल्याणच्या बंदरातला माल नाणेघाट चढून जुन्नरला येत होता. त्या घाटाच्या तोंडाशी नागनिकेचा लेख कोरलेला आहे, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या मालावरची जकात जिच्यात टाकत असं म्हणतात ती दगडी रांजण आजही तिथे उभी आहे. जुन्नरहून समुद्राकडे जायची जी सर्वांत जवळची ओळ, तीच दोन हजार वर्षं माणसं आणि बैल तुडवत होते. त्या रात्री इटालियन विमान साधारण त्याच ओळीवर होतं. फक्त त्याच्या हिशोबात घाट मागे पडलेला होता.

आणखी एक गोष्ट आहे. जुन्नर स्वतःच समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांहून उंच आहे. तिथल्या माणसाला ३६०० फुटांचा डोंगर दिसतो तो त्यातल्या पुढच्या तेराशे-चौदाशे फुटांचा. म्हणून तो त्याला टेकडी म्हणतो. शेजारीच हरिश्चंद्रगड १४२४ मीटरचा, म्हणजे साडेचार हजार फुटांहून वर. त्याच्यासमोर हिला डोंगर कोण म्हणेल? पण मुंबईच्या समुद्राशी जुळवलेल्या काट्याला देश आणि कोकण हा भेद नाही. त्याच्यासाठी सगळं शून्यापासूनच मोजायचं. गावाच्या तोंडची 'टेकडी' जशीच्या तशी चौकशीच्या इंग्रजीत गेली, आणि कागदावर वाचताना वाटावं, एवढीशी टेकडी, कशी चुकवता आली नाही?

जुन्नर हा पहिला अपघात नव्हता. १२ जुलै १९४९ रोजी केएलएम या डच कंपनीचं 'फ्रानेकर' नावाचं कॉन्स्टेलेशन विमान दिल्लीहून मुंबईला येत होतं. सांताक्रूझच्या विमानतळावर पावसाळी ढग उतरलेले. त्या ढगांत विमानतळ शोधताना ते घाटकोपरच्या डोंगराला धडकलं. त्या डोंगराची उंची सातशे फूटसुद्धा नाही. विमानातली सर्व ४५ माणसं गेली.

त्यांत १३ अमेरिकन पत्रकार होते. डच सरकारच्या निमंत्रणावरून ते इंडोनेशिया पाहून परतत होते. डचांना तिथली सत्ता सोडायची नव्हती, आपली बाजू अमेरिकेत मांडली जावी अशी त्यांची इच्छा होती, आणि त्याच वर्षी जानेवारीत नेहरूंनी दिल्लीत इंडोनेशियाच्या बाजूनं परिषद भरवली होती. ज्या प्रश्नावर हे सारे लिहिणार होते, त्याची चर्चा हेगला पुढच्या महिन्यात सुरू व्हायची होती आणि वर्ष संपायच्या आत इंडोनेशिया स्वतंत्र व्हायचा होता. एच. आर. निकरबॉकर त्यांत होता. सोव्हिएत रशियातल्या पंचवार्षिक योजनेवरच्या लेखांसाठी १९३१ चं पुलित्झर मिळवलेला. बर्टन हीथ होता, एका भ्रष्ट न्यायाधीशाला उघडं पाडल्याबद्दल १९४० चं पुलित्झर मिळालेला. न्यूयॉर्क टाइम्सचा बर्ट्रम ह्यूलन, ख्रिश्चन सायन्स मॉनिटरचा परराष्ट्र-संपादक चार्ल्स ग्रॅट्की, शिकागो डेली न्यूजचा नॅट बॅरोज. एल्सी डिक ही म्युच्युअल रेडिओची. एका देशाच्या जन्माच्या तोंडावर त्याबद्दल जे काही लिहिलं, बोललं गेलं असतं, त्याचा मोठा भाग घाटकोपरच्या चिखलात राहिला. ते डचांच्या बाजूनं असतं की विरुद्ध, हा प्रश्न मग उरलाच नाही. इंडोनेशियाच्या स्वातंत्र्याच्या इतिहासात घाटकोपरचं नाव यावं, हे घाटकोपरच्या किती जणांना माहीत असेल?

आज तो भाग घरांनी भरला आहे. घाटकोपर पश्चिमेला डोंगरावर चाळी चढत गेल्या आहेत, आणि विमानं पूर्वेकडून उतरत असली की पत्र्यांवरून इतकी खाली जातात की बोलणारा वाक्य मध्येच तोडतो आणि आवाज गेला की तिथूनच पुढे सुरू करतो.

तिसरा अपघात मला स्वतःला आठवतो. ४ ऑगस्ट १९७९. मी नुकतीच मुंबईत नोकरीला लागले होते. इंडियन एअरलाइन्सचं एचएस-७४८, म्हणजे ज्याला सगळे 'अ‍ॅव्ह्रो' म्हणत, पुण्याहून मुंबईला येत होतं. ही विमानं आमच्या झाशीहून सव्वादोनशे किलोमीटरवर कानपूरला बांधली जात. पुणे-मुंबई म्हणजे विमानाला उणापुरा अर्धा तास. रात्र, पाऊस, आणि पनवेलजवळचा डोंगर. ४५ माणसं गेली; १९४९ इतकीच. यावर मी जास्त लिहीत नाही. त्या दिवसांत ऑफिसात जो तो म्हणत होता, इतक्याशा अंतराला विमान कशाला, डेक्कन क्वीन आहे की. शोक करायला शब्द नसले की माणसं वेळापत्रकाबद्दल बोलतात.

जुलै, जुलै, ऑगस्ट. घाटकोपर, जुन्नर, पनवेल. तीस वर्षांत मुंबईच्या पूर्वेकडून येताना, पावसाळी ढगांत, तीन वेगवेगळ्या कंपन्यांची, वेगवेगळ्या पिढ्यांची विमानं डोंगराला लागली. तिन्हींत इंजिन चालू होतं, पंख शाबूत होते. उडण्याचं काही बिघडलं नव्हतं. या क्षेत्रातले लोक अशा अपघातांना वेगळं नावच देतात: विमान पूर्णपणे ताब्यात असताना जमिनीवर नेलं जाणं. अण्णांना हे पटलं नसतं. ते म्हणाले असते, ताब्यात होतं हे दाखवलं कुणाला?

आता तो अमेरिकन अपघात, ज्याच्या शोधात मी निघाले होते. १ डिसेंबर १९७४. टीडब्ल्यूए कंपनीचं उड्डाण ५१४, बोइंग ७२७, वॉशिंग्टनच्या डलेस विमानतळाकडे खराब हवेत येत होतं. नियंत्रकानं धावपट्टीकडे येण्यासाठी त्याला 'क्लिअर्ड' म्हटलं. वैमानिकांनी त्याचा अर्थ घेतला: आता १८०० फुटांवर जायला हरकत नाही, मध्ये काही असतं तर त्यानं सांगितलं असतं. नियंत्रकानं घेतलेला अर्थ: मी मुभा दिली, डोंगर नकाशावर आहेत, ते बघणं वैमानिकाचं काम. त्या दोन अर्थांच्या मधोमध माउंट वेदर नावाचा डोंगर होता. ९२ माणसं गेली. कॉकपिटच्या ध्वनिमुद्रणात वैमानिक नकाशाबद्दल बोलताना ऐकू येतात. नकाशा एक सांगतोय आणि नियंत्रकाचा शब्द दुसरं, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. त्यांनी शब्दावर विश्वास ठेवला.

त्या अपघातानंतर अमेरिकेत 'क्लिअर्ड' या शब्दाची नीट उजळणी झाली. कोणत्या उंचीची जबाबदारी कुणाची, ते लिहून काढलं गेलं. आणि मोठ्या प्रवासी विमानांत जमीन जवळ आल्याचा इशारा देणारं यंत्र सक्तीचं झालं. ते यंत्र घडवणारा अभियंता डॉन बेटमन. १९७१ साली अलास्कात जूनोजवळ एक विमान डोंगराला लागून १११ माणसं गेली, तेव्हापासून त्यानं या एकाच प्रश्नाचा पिच्छा धरला. पहिलं यंत्र फक्त सरळ खाली बघू शकत होतं. समोर एकदम उभा राहणारा कडा त्याला फार उशिरा कळे. पुढे त्यानं यंत्राच्या पोटात जगाचा उंच-सखल नकाशाच भरला. सोव्हिएत संघ कोसळल्यावर तिथले पूर्वी गुप्त ठेवलेले नकाशे विकत घेऊन त्यातले कोरे भाग भरून काढले, ही गोष्ट तो स्वतः रंगवून सांगे. तो २०२३ साली वारला. त्याच्या यंत्रांनी डोंगरापासून किती माणसं लांब ठेवली, याची मोजदाद होणं अवघड, कारण न झालेल्या अपघाताची चौकशी होत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे, की टीडब्ल्यूए ५१४ च्या बारा वर्षं आधी जुन्नरला हाच प्रश्न डोंगराच्या माथ्यावर पडलेला होता. नियंत्रकानं मुभा दिलेली, वैमानिक खाली आलेला, आणि विमान नक्की कुठे आहे हे दोघांपैकी कुणीही न तपासलेलं. जुन्नरच्या चौकशीनं ती एका वैमानिकाची चूक म्हणून वहीत लिहिली आणि वही मिटली. ती चूकच होती. पण चूक करणाऱ्याचं नाव कळलं की चुकीची जागा शोधायचं आपण थांबवतो. बारा वर्षांनी दुसऱ्या एका डोंगरानं तीच जागा पुन्हा दाखवली, आणि या वेळी विमान अमेरिकेच्या राजधानीजवळ पडलं होतं.

मागच्या वर्षी जुलैत मी जुन्नरला गेले होते. तो डोंगर शोधायला म्हणून निघाले आणि काही दिसलं नाही. तीन दिवस धुकं हललंच नाही. येताना कल्याणची एसटी घेतली. माळशेज घाटात बोगद्याच्या अलीकडे ढग रस्त्यावर उतरले होते. काचेपलीकडे पांढऱ्याशिवाय काही नव्हतं. ड्रायव्हरनं गाडी डोंगराच्या बाजूला घेऊन उभी केली, मागचे दिवे चालू ठेवले आणि तंबाखू मळायला घेतली. मागून एक प्रवासी म्हणाला, "मामा, कल्याणची लोकल चुकंल." ड्रायव्हरनं मागे वळूनही पाहिलं नाही. "चुकू द्या," तो म्हणाला. वीसेक मिनिटांनी समोरचा पांढरा पट्टा दिसू लागला, मग कठडा, मग खाली मोरोशीच्या बाजूची हिरवी भातखाचरं. गाडी हळूहळू उतरली.

पुस्तिकेचं भाषांतर मी त्याआधीच पुरं केलं होतं. 'क्लिअर्ड'साठी मी 'मुभा' लिहिलं आणि पुढे एक वाक्य स्वतःचं जोडलं: मुभा म्हणजे पुढे डोंगर नाही अशी हमी नव्हे. तपासणाऱ्यानं ते वाक्य लाल शाईनं काढलं, समासात लिहिलं, 'मूळ मजकुरात नाही'. तेही खरंच होतं. मी फोन केला. अर्धा तास बोलणं झालं, इगतपुरीपासून सगळं सांगितलं. शेवटी त्यांनी विचारलं, वाक्य तळटीप म्हणून चालेल का. मी म्हटलं, चालेल, पण अक्षर बारीक नको.